माप चारशे पन्नास

बंदुकीच्या दुकानात सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे गप्पा, असं रतिलाल शेठ म्हणायचे. धुळ्याला आग्रा रोडवर त्यांचं दुकान होतं. परवाना दुकानाचा, परवाना गिऱ्हाइकाचा, आणि दोन्ही परवान्यांच्या मध्ये बसलेला हिलाल मिस्तरी. पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात चारदोन बंदुका उभ्या असत. मागच्या खोलीत हिलालचं टेबल, पाना, पेचकस, तेलाची कुपी आणि कापडाच्या चिंध्या. पोलीस पाटील, जिनिंगवाले, केळीच्या बागा राखणारे रावेर-यावलकडचे बागाईतदार, जो येई तो आधी शेठशी भाव बोले आणि मग मागे येऊन हिलालशी तासभर बोलत बसे.

हिलाल मूळचा शेतकऱ्याचा. शिंदखेडा तालुक्यात कोरडवाहू जमीन, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. मोठ्या लढाईत भरती सुरू झाली तेव्हा तो एका बाजाराच्या दिवशी मुगाची गोणी विकायला गेला आणि गोणी विकून पलटणीत नाव घालून आला. बापाने त्याला शिव्या दिल्या, आईने डोळे पुसले, आणि थोरली बहीण भागाबाई, जिला तो अक्का म्हणायचा, ती सासरहून येऊन एवढंच म्हणाली, "जाशी तं जाय. पन तठे पुढे पुढे नको करू."

त्याला पुढे पुढे करायची वेळच आली नाही. बसऱ्याला उतरल्यावर त्याच्या हाताची ठेवण पाहून त्याला हत्यारं दुरुस्त करणाऱ्या एका पंजाबी हवालदाराच्या हाताखाली दिलं. सगळी लढाई त्याने तंबूतच काढली, पिस्तुलांच्या पोटात डोकं घालून. साहेब लोकांची वेब्ली, सहा घरांची, मधून मोडून उघडणारी, चारशे पंचावन्नच्या मापाची. तिची गोळी बोराएवढी, अन् दणका असा की नव्या साहेबाचं मनगट आठवडाभर दुखे. बगदाद पडल्यावर तुर्कांनी टाकलेल्या हत्यारांचे ढीग आले. त्यात जर्मन बनावटीची मावझर पिस्तुलं होती, लाकडी म्यान मागे जोडलं की बंदुकीसारखी खांद्याला लावता येणारी. त्यांच्या नेम धरायच्या पट्टीवर आकडे अरबी वळणाचे कोरलेले. हिलालला ते आकडे येईनात, हवालदाराला येत होते. तो एकेक आकडा सांगत जाई आणि हिलाल तेलाच्या बोटाने टेबलावर गिरवत जाई.

हवालदाराने त्याला एक गोष्ट मारून मुटकून शिकवली. नळीतून आभाळ पाहिल्याशिवाय कुणाला काडतूस द्यायचं नाही. तो राजा असो का सगा बाप.

लढाई संपली, हिलाल घरी आला, शेतात त्याचं मन लागेना. रतिलाल शेठनी पलटणीचा कागद पाहिला, हात पाहिले, आणि त्याला ठेवून घेतलं. धुळ्यातच त्याने बिऱ्हाड केलं, प्रमिलाबाई नावाची धरणगावकडची बायको आणली, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं त्याचा दिवस त्या मागच्या खोलीत उगवत गेला.

तिथं रोज एक तरी भांडण मापावरून होई. एखादा शेतकरी विचारी, "मिस्तरी, मन्ही बंदूक बारानी शे, अन् त्या पाटीलनं पिस्तूल साडेचारशेनं. मंग त्यानं मोठं का मन्हं मोठं?"

हिलाल हातातलं काम खाली ठेवी. "भाऊ, बारा म्हंजे काय, तं एक रतल शिसं ल्या. त्यान्या सारख्या बारा गोया करा. त्यामाधली एक गोयी ज्या नळीमा बसी ती बारानी. वीस गोया करा तं नळी बारीक व्हयनी. आकडा वाढस, नळी उतरस."

"अन् साडेचारशे?"

"ते इंचनं गणित. इंचना हजार भाग करा, त्यामाधला चारशे पन्नास. आठे आकडा वाढस तं नळी बी वाढस."

"मंग जर्मनवाला काय करस?"

"तो मिलिमीटरमा मोजस. त्याले ना रतल माहीत, ना इंच."

"म्हंजे तिन्हीजन तीन पायलीघाई मोजतस!"

"तेच."

गिऱ्हाईक समाधानाने हसे. त्याची बंदूक बारीक ठरली नाही यातच त्याला सगळं मिळालेलं असे.

धरणगावच्या एका जिनिंगवाल्याला जुन्या पिस्तुलांचा नाद होता. तो वर्षातून दोनदा पेटी घेऊन येई. तिच्यात मखमलीवर निजवलेली पिस्तुलं असत. पुढून दारू ठासायची, टोपी चढवून उडवायची अशी जोडीची. मग लोखंडी चक्राची पण अजून टोपीचीच. मग पितळी काडतुसं आली तेव्हाची. हिलाल ती ओळीने मांडून पाही तेव्हा त्याला शंभर वर्षांतली माणसाची घाई दिसे. आधी एक बार आणि मग बराच वेळ, मग एकामागून एक सहा बार. आणि आता सरकार आपलं चारशे पंचावन्न सोडून पुन्हा लहान मापावर आलं होतं, कारण घाईत भरती केलेल्या पोरांच्या हाताला मोठा दणका पेलत नव्हता.

एवढं सगळं सांगायचं कारण आंबेखेड्याची सहाबारी.

आंबेखेडं हे शिंदखेड्याच्या अलीकडचं गाव, अक्काचं सासर. अक्काचा नवरा रुपचंद तिथला पोलीस पाटील. त्याच्या आज्याने कधीकाळी भिल्ल पलटणीत चाकरी केली होती, आणि विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाने त्याला आपलं पिस्तूल बक्षीस दिलं होतं. अ‍ॅडम्स बनावटीचं, चारशे पन्नासच्या मापाचं, पितळी काडतुसांच्या पहिल्या पिढीतलं. ते मोडून उघडत नसे. चक्राच्या बाजूला एक झडप, तिच्यातून एकेक काडतूस सरकवायचं आणि रिकामं झालं की दांडीने एकेक ढकलून काढायचं. गावाला बनावट ठाऊक नव्हती. गाव त्याला सहाबारी म्हणे. परवाना बापाकडून लेकाकडे येत रुपचंदच्या नावावर आला होता आणि त्याच्याबरोबर दसऱ्याचा मानही.

मान असा की दसऱ्याला उन्हं कलली की सगळे गडी शिवेवरच्या आपट्याशी जमत. पूजा होई. मग पाटलाने सहाबारी वर करून एक बार काढायचा. बार निघाला की सोनं लुटायचं, त्याआधी आपट्याच्या पानाला कुणी हात लावायचा नाही. रुपचंदचा बाप जिवंत होता तोवर बार दरसाल निघाला. तो गेला, मग आज्याच्या वेळची काडतुसं संपत आली, आणि सरकारने पलटणीच्या मापांवर खाजगी लोकांसाठी एकेक बंधन घातल्यापासून चारशे पन्नासची नवी मिळणं मुश्कील झालं. रुपचंद सहाबारी नुसतीच वर करी, घोडा दाबी, आणि लोक समजून घेत. काही वर्षं समजून घेतलं, मग घेईनासे झाले.

चौतीस सालच्या श्रावणात रुपचंद स्वतः धुळ्याला आला. डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि मागच्या खोलीत बसला.

"हिलालभाऊ, गये साल मी हात वर करा, घोडा दाबा, अन् नुसतं 'खट्' व्हयनं. तो तोताराम काय बोलना माहीत शे का? 'पाटील, तुमनी सहाबारी आते बार नही, उसासा टाकस.' बठ्ठं गाव हासनं."

तोताराम रुपचंदचा भाऊबंद. त्याच्याकडे रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि मानावर डोळा होता.

"हासू द्या, दाजी," हिलाल म्हणाला.

"कसं हासू देऊ? पंचासनी सांगी टाकं, औंदा जो बार काढी त्याना मान. तीन पिढ्यापाईननी गोट शे. मन्हा हातखाल ती जावाले नको." मग आवाज उतरवून, "तुन्ही अक्का सांगे, मन्हा भाऊ शे तठे, तो कसंबी करी."

हे शेवटचं वाक्य हिलालला लागलं. अक्काने त्याच्याजवळ जन्मात काही मागितलं नव्हतं. शेठना सांगून त्याने मुंबईला लिहवलं, परवान्यावर जेवढी नोंद होती त्या आधाराने चारशे पन्नासची थोडी काडतुसं आणवली. देताना मात्र म्हणाला, "दाजी, एक डाव सहाबारी आठे लई या. नळी देखी लेऊ द्या."

"ती देव्हारामा शे. दसराबिगर हालत नही. हालाडी तं मन्ही माय माले घरमा येऊ देवाव नही."

हिलालने काडतुसांची पुडी दोन-तीनदा हातात फिरवली. आणि नळीतून आभाळ न पाहता ती दिली. सगा बाप असता तर दिली नसती. अक्काचं घर होतं, म्हणून दिली.

भाद्रपदात रुपचंदची आई मंजुळाबाई डोळे दाखवायला धुळ्याला आली आणि हिलालकडे उतरली. म्हातारी सोवळ्याची, तोंडाळ आणि प्रेमळ. दिवसभर प्रमिलाबाईशी गप्पा मारी, धुळ्याच्या पाण्याला नावं ठेवी. मोतीबिंदू पिकला नाही असं डॉक्टरने सांगितल्यावर, "मंग मी काय आंबा शे का, पिकाले?" असं त्यालाच विचारून ती परत गेली.

दसऱ्याच्या सकाळी हिलालने दुकानातली आपली हत्यारं घरी आणून पाटावर मांडली होती. पाना, पेचकस, कानस. प्रमिलाबाईने हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि वाटीतला शिरा पाटापुढे सरकवला. सरकवता सरकवता हसली.

"काय व्हयनं?"

"काही नही. आपला देव बिचारा नुसता वास लेतस. मंजुळामाय सांगे, त्यासनी सहाबारीले दर खंडेनवमीले त्या तोंडमा भरावतस. गूय, तूप, शिरा. बोटघाई पार मझार लोटतस. 'तिले तोंड शे, तं तिले जेवाले नको का?' म्हने."

हिलालचा हात पाटावरच थांबला.

"अन् मंग? काढतस का नही?"

"देवनं खायेल कोनी काढस का?"

रुपचंदचा बाप गेल्याला आणि बार बंद पडल्याला किती दसरे झाले ते त्याने मोजलं नाही. नळीत साचलेला गूळ-तूप, वर्षावर वर्ष थापलेला, दगडासारखा वाळलेला, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याच्या मागे नवंकोरं काडतूस. त्याच्या मागे रुपचंदचा हात आणि हाताच्या मागे तोंड. पलटणीत त्याने एकदा असा माणूस पाहिला होता. वाळवंटातली वाळू नळीत बसली होती. त्या माणसाला नंतर डाव्या हाताने सही शिकवली होती.

शिरा तसाच ठेवून तो मोटारअड्ड्यावर गेला. शिंदखेड्याची सर्व्हिस मोटार उभी होती, झेंडूच्या माळांनी मढवलेली, आणि तिचा ड्रायव्हर चिंधा उदबत्ती घेऊन चाकाभोवती फिरत होता.

"चिंधाभाऊ, निंघ लवकर. मन्ही नड शे."

"आज तिनी बी पूजा शे, मिस्तरी. आजना दिन तिले भूकी ठेवू का?" आणि त्याने इंजिनाच्या टोपणाला पेढा चिकटवला.

"तिनं तोंड मोकयं ठेव बाबा," हिलाल म्हणाला. चिंधाला त्यातलं काही कळलं नाही. चारी चाकांना नारळ दाखवून झाला, लिंबं चिरडून झाली, मग गाडी हलली. सोनगीरच्या चढावर ती तापली, तिथं पाणी पाजलं. नरडाण्याजवळ एका बैलगाडीने वाट अडवली. गावोगाव बैलांच्या शिंगांना शेंदूर, दाराला तोरणं, आणि सगळं जग सुट्टीवर. शिंदखेड्याच्या अलीकडे फाट्यावर उतरून हिलाल कपाशीतून सरळ वाट धरून पळत सुटला. चाळिशी ओलांडलेला माणूस, धोतराचा कासोटा खोचलेला. शेतात कुणी असतं तर चोर म्हणून हाळी दिली असती.

शिवेवर सगळे गडी जमले होते. पूजा झाली होती. रुपचंदने नवा फेटा बांधला होता, कपाळाला गुलाल, आणि सहाबारी नुकतीच वर उचलली होती. तोताराम जरा बाजूला आपली ठासणीची बंदूक खांद्याला टेकवून उभा होता, तोंडात सुपारी.

"दाजी! थांबा!"

रुपचंदचा हात खाली आला. "काय व्हयनं? कोनी गयं का?"

"कोनी नही गयं. सहाबारी मन्हा हातमा द्या."

"काब्रं?"

"दसरा शे. शालक मांगी राह्यना."

तोताराम हसला. "द्या पाटील, द्या. आते सासरनी मंडळी बी मानमा वाटा मांगाले उनी!"

लोक हसले आणि त्या हशात रुपचंदला नाही म्हणता येईना. हिलालने सहाबारी कपाळाला लावली. मग लोकांकडे पाठ करून झडप उघडली, चक्र फिरवत एकेक काडतूस तळहातात घेतलं आणि खिशात टाकलं. खालची आपट्याची काडी उचलून नळीच्या तोंडात घातली. काडी पेरभर गेली आणि अडकली. खवट तुपाचा वास आला. तोंडाच्या कडेला मुंग्यांची लहानशी रांग होती, शहाण्या मुंग्यांची, ज्यांना आत काय आहे ते केव्हाच ठाऊक होतं.

आता बोलायचं काय? खरं सांगितलं तर गाव काय करील ते त्याला लख्ख दिसत होतं. पाटलाची आई पिस्तुलाला शिरा चारते, ही गोष्ट रात्रीपर्यंत शिंदखेड्याच्या बाजारात आणि दिवाळीपर्यंत धुळ्यात पोचली असती. म्हातारीला पाणवठ्यावर जाऊ दिलं नसतं लोकांनी. अक्काच्या पोरी लग्नाच्या होत्या, त्यांच्या सोयरिकींतही ती गोष्ट आधी जाऊन बसली असती. नुसतं नळी बुजली म्हटलं तरी कशाने ते गावाने काडी घालून पाहिलं असतं. आणि काहीच सांगितलं नाही तर रुपचंद सहाबारी हिसकावून घेणार होता.

हिलाल वळला.

"चूक मन्ही शे, दाजी. काडतुसं चुकनीत. मी चारशे पंचावन्ननी दिन्हीत. हाई चारशे पन्नासनी शे. उडावतात तं चक्र फुटतं."

मग तोतारामने सुपारी थुंकली.

"पाचना फरक ना? पाच काय, पाच आंबा का पाच जुवारना दाना?"

"इंचना हजार भाग करा. त्यामाधला पाच."

"हजारमाधला पाच! अरे बाबा, इतलं तं मन्ही बायको रोज मीठमा चुकस!"

सगळी शीव हसली. म्हातारेकोतारे हसले, रुपचंदचे सख्खे चुलतेसुद्धा. रुपचंद तेवढा हसला नाही. तो हिलालच्या जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तू धुयाना मिस्तरी. पलटनमा व्हता. बठ्ठा खानदेशनी पिस्तुलं तुन्हा हातखाल जातस. अन् मन्ह्याच येयले तुले माप नही सुधरनं?"

"नही सुधरनं," हिलाल म्हणाला.

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. तोतारामने बंदूक वर केली. ठासणीचा बार तो, दणका मोठा, धूर त्याहून मोठा. आपट्यावरचे पोपट उडाले. लोकांनी सोनं लुटलं, एकमेकांना दिलं, पाया पडले. रुपचंदने सगळ्या गावाला पान दिलं आणि हिलालसमोरून तो रिकाम्या हाताने पुढे गेला. सहाबारी त्याने हिसकावून आधीच कंबरेला खोचली होती.

हिलाल अक्काच्या घरी न जाताच परतला.

दोन दिवसांनी रतिलाल शेठच्या कानावर गोष्ट आली. ते मागच्या खोलीत आले, परत आलेली काडतुसं त्यांनी उजेडाकडे धरली, बुडावरचा आकडा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"हिलाल, ही तर चारशे पन्नासचीच आहेत."

"हो, शेठ."

"मग तू गावभर काय सांगत आलास? दुकानाचं नाव गेलं ना! शिंदखेड्याकडचा माणूस आता इथं काडतूस घ्यायला येणार का?"

"नही येवाव, शेठ."

शेठ वाट पाहत उभे राहिले. हिलालने चिंधी तेलात बुडवली आणि पाना पुसायला घेतला. शेठ वाणी होते, पण वाईट नव्हते. म्हणाले, "ठीक आहे. यापुढे तू फक्त दुरुस्ती कर. काडतूस द्यायचं काम माझं." हिलालने मान डोलावली आणि तो हातातल्या कामाकडे वळला. त्या दिवसापासून गिऱ्हाइकं पुढेच काडतुसं घेऊन पुढूनच जाऊ लागली. मागच्या खोलीतल्या गप्पा निम्म्याने आटल्या.

पण त्याच्या जिवाला घोर वेगळाच होता. नळी अजून तशीच होती. रुपचंद चिडलेला, हट्टी. उद्या कुठून दुसरी काडतुसं आणून परसात एक बार काढून पाहील, सांगता येत नव्हतं.

भाऊबीजेला तो आंबेखेड्याला गेला. रुपचंद ओट्यावर बसला होता. त्याने तोंड फिरवलं आणि दावणीच्या बैलाला सांगितलं, "आपला उंबरठामा चुकेल मापना मानसे घेवाना नहीत. कोनी उनं तं गोठामा बसाडा."

अक्काने गोठ्यातच पाट मांडला. शेणाने सारवलेल्या जागेवर रांगोळी काढली, निरांजन लावलं आणि भावाला ओवाळलं. म्हैस शांतपणे पाहत होती.

"तुले आठे बसनं पडनं," अक्का म्हणाली. "माले काय वाटनं ते माले माहीत."

मग हिलालने तिला खरं सांगितलं. अक्का ऐकत राहिली, हातातलं तबक तसंच. मग ते खाली ठेवून म्हणाली, "मामंजी दसराना सकायले सहाबारी मांडीवर लेयेत. काडीघाई काढी काढी खायेत. 'परसाद शे' म्हनेत. आम्हले वाटे, म्हताराले गोड खावानी सवय शे." तिने पदर तोंडाला लावला. हसते का रडते, ते हिलालला समजेना. बहुतेक दोन्ही. "अन् तू बठ्ठा गावमा आपलं नाव बुडायं. मन्ही सासूसाठे?"

"तिनासाठे नही, अक्का. तुन्हासाठे."

"कोनलेच सांगू नको. मी बी सांगाव नही."

दुपारी म्हातारीचा डोळा लागला, रुपचंद शेतावर गेला. अक्काने सहाबारी वेचलेल्या कापसाच्या पाटीत लपवून गोठ्यात आणली. हिलालने चक्र काढलं, गरम पाणी ओतलं, मग घासलेट, मग निंबाच्या काडीला चिंधी गुंडाळून तो घासत राहिला. आधी काळा चिखल निघाला, मग लाल, मग पिवळा. शेवटी त्याने नळी दाराकडे धरून डोळा लावला. आतले पीळ फिरत गेलेले, आणि त्यांच्या टोकाला पैशाएवढं निळं आभाळ. लोखंड जुनं होतं, पण बसलं नव्हतं, फुगलं नव्हतं.

"चांगली शे," तो म्हणाला. "पन दर दसराले..."

"दर दसराले परसाद मी खासू," अक्का म्हणाली.

पुढल्या वर्षी रुपचंद धुळ्याला फिरकला नाही. तो जळगावला गेला, तिथल्या एका दुकानातून चारशे पन्नासची काडतुसं आणली, आणि दसऱ्याला सहाबारीने असा बार काढला की लोक म्हणतात, तोतारामने आपली बंदूक खांद्यावरून उतरवून खाली ठेवली. पंचांनी मान परत दिला. आणि जे थोडे लोक अजून शंका घेत होते त्यांचीही खात्री पटली की जळगावच्या काडतुसाने बार निघाला म्हणजे धुळ्याचा मिस्तरी चुकलाच होता. आंबेखेड्यात हिलालचं नाव 'पंचावन्न' पडलं. लहान पोरंसुद्धा म्हणत, "पंचावन्नमामा उनात."

रुपचंद त्याच्याशी बोलेना. पुढे उंबरठा उघडला, जेवायला पाट मिळू लागला, पण सरळ शब्द नाही. "अरे, त्यासले भाकर वाढा." "कोनी इचारा त्यासले, धुयाले पाऊस कसा शे." हिलालही भिंतीला उत्तर देई. अशी वर्षं गेली. दुसरी लढाई आली, नव्या मापाची पिस्तुलं घेऊन नवे साहेब स्टेशनांवरून गेले. बेचाळीस साली सरकारने पाटलांची हत्यारं तालुक्यात जमा करून घेतली आणि नंतर तपासून परत दिली. मंजुळाबाई शेवटी मोतीबिंदू न पिकताच गेली. जाण्याआधीच्या खंडेनवमीलाही तिने चाचपडत सहाबारीचं तोंड शोधून घास भरवला होता.

सत्तेचाळीस सालच्या पंधरा ऑगस्टला आंबेखेड्याने ठरवलं की चावडीवर झेंडा लागला की बार निघाला पाहिजे. दसरा नसताना बार काढायला सहाबारी पहिल्यांदाच देव्हाऱ्यातून बाहेर आली. हिलाल पन्नाशी ओलांडून बसला होता. अक्काने निरोप धाडला म्हणून तो आदल्या दिवशीच आला.

सकाळी चुलीपुढे अक्का म्हणाली, "सासू गयी. पोरीसनं लगन व्हयी गयं. आते सांगी टाक त्यासले. किती वरीस पंचावन्न राहशी?"

हिलालने चहाची बशी फुंकली. "अक्का, आते सांगं तं दाजी येडा ठरतस. बठ्ठा गावले सांगत फिरनात ना, मन्हा शालक चुकना म्हनीसन."

"मंग?"

"मंग काही नही."

चावडीपुढे गर्दी होती. झेंडा वर गेला, फुलं पडली, कुणी तरी भाषण केलं ते वाऱ्याने नेलं. रुपचंद पुढे आला. आता तोही म्हातारा झाला होता, फेट्याखालचे केस पांढरे. त्याने खिशातून काडतूस काढलं, तळहातावर ठेवलं आणि गर्दीकडे पाहून मोठ्याने म्हणाला, "कोनी तरी त्यासले इचारा रे, हाई माप बराबर शे का!"

गाव हसलं. तोतारामही हसला, त्याला आता दात नव्हते. हिलाल पुढे झाला. काडतूस उचललं, बुडाचा आकडा वाचला, मग रुपचंदच्या हातातली सहाबारी मागून घेतली आणि नळी वर धरून डोळा लावला. आत आभाळ होतं.

"बराबर शे," तो म्हणाला.

रुपचंदने हात वर केला आणि बार काढला. पोरं किंचाळली, चावडीच्या कौलांवरून कबुतरं उडाली. धूर निवळेपर्यंत रुपचंद तसाच उभा होता. मग त्याने सहाबारी कंबरेला खोचली आणि बारा वर्षांहून जास्त काळ ज्या माणसाशी तो एक शब्द सरळ बोलला नव्हता त्याच्याकडे पाहिलं.

"चाल," तो म्हणाला. "जेवाले चाल. तुन्ही अक्का वाट देखी राह्यनी."